इंग्रजीचा वर्ग आणि मराठीचे कान



ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजी भाषा आणि साहित्य या विषयाची स्वतंत्र पदवी परीक्षा १८९४ साली मान्य झाली, केंब्रिजमध्ये ती १९१७ साली आली. आणि मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा १८६२ साली झाली तेव्हा महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे जे चौघे उत्तीर्ण झाले, त्यांना इंग्रजीच्या परीक्षेतून पार पडावेच लागले होते. म्हणजे ज्या काळी ऑक्सफर्डचा विद्यार्थी ग्रीक आणि लॅटिन घोकत होता आणि मातृभाषेतील कवी हा परीक्षेचा विषय होऊ शकतो ही कल्पना त्याच्या बहुतेक गुरुजनांना पोरकट वाटत होती, त्या काळी पुण्यामुंबईचा विद्यार्थी इंग्रजी ग्रंथकारांवर टिपणे काढीत बसला होता. हा विषय मग मुळात कोणाचा? ज्यांची ती भाषा त्यांचा, की ज्यांना ती शिकावी लागली त्यांचा?

या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत व्याख्यानात तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. इंग्रजी हा विद्यापीठीय विषय कसा जन्माला आला, ही पहिली. महाराष्ट्रात आल्यावर त्याचे काय झाले, ही दुसरी. आणि मराठी घरातून आलेला विद्यार्थी इंग्रजी साहित्य वाचतो तेव्हा त्याला असे काही ऐकू येते का, जे खुद्द इंग्रजाला आता सहज ऐकू येत नाही, ही तिसरी. वेळेची वाटणी समान होणार नाही. पहिल्या दोन गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले आहे; तिसरीकडे इंग्रजी विभागांचे लक्ष फारसे गेलेले नाही, म्हणून तिच्यापाशी अधिक थांबावे लागेल.

पहिली गोष्ट. इंग्रजीच्या अध्यापनाचा इतिहास सांगताना आपल्याकडे मेकॉलेच्या १८३५ सालच्या शिक्षणविषयक टिपणापासून सुरुवात करण्याची आणि तेथेच संपवण्याची प्रथा पडली आहे. ते टिपण महत्त्वाचे आहेच. परंतु मेकॉलेने हा विषय निर्माण केला नाही. एडिंबरो विद्यापीठात ह्यू ब्लेअर यांना वक्तृत्व आणि ललित वाङ्मय या विषयाचे अध्यासन १७६२ साली मिळाले, आणि त्यांच्यासमोर बसणारे विद्यार्थी स्कॉटिश होते. लंडनच्या दरबारात आणि कचेऱ्यांत आपल्या बोलण्यातील स्कॉटिश वळणाचे हसे होऊ नये, ही त्यांची निकड होती. पुढे १८२८ साली लंडनमध्ये इंग्रजीचे प्राध्यापकपद प्रथम निर्माण झाले तेही एका नव्या विद्यालयात, जेथे चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या, म्हणजे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे दरवाजे ज्यांना बंद होते अशा, मुलांना प्रवेश होता. कामगारांसाठी चालवलेल्या सायंवर्गांत इंग्रजी साहित्य होते, स्त्रियांसाठी निघालेल्या महाविद्यालयांत ते होते, आणि हिंदुस्थानात ते होते. राजवाड्याच्या दिवाणखान्यात या विषयाला सर्वांत शेवटी प्रवेश मिळाला. स्कॉटिश, कामगार, स्त्रिया आणि हिंदी लोक हे या विषयाचे पहिले विद्यार्थी होत. इंग्रजी हा वेशीबाहेरच्यांसाठी काढलेला विषय होता, हे एकदा लक्षात घेतले म्हणजे इंग्रजी विभागातील मराठी विद्यार्थ्याने पाहुण्यासारखे अंग चोरून बसण्याचे कारण उरत नाही.

अर्थात हा विषय वेशीबाहेरच्यांसाठी कोणी आणि का काढला, याचाही हिशेब मांडला पाहिजे. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो तपशिलाने मांडला आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा की, कंपनी सरकारने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे धोरण ठेवल्यामुळे सरकारी शाळांतून बायबल शिकवता येत नव्हते, आणि तरीही प्रजेला नीतीचे वळण तर लावावयाचे होते. तेव्हा बायबलने करावयाचे काम साहित्याकडे सोपवण्यात आले. कवितेने उपदेश करावा आणि तो उपदेश राज्यकर्त्यांचा आहे असे मात्र कोणाला वाटू नये, अशी ती योजना होती. ती सफल झाली का? काही अंशी झाली. परंतु ज्या वर्गात आज्ञाधारक कारकून तयार व्हावयाचे होते त्याच वर्गातून समाजसुधारक आगरकर बाहेर पडले, ही गोष्ट त्या योजनेच्या हिशेबात बसत नाही. पुस्तक एकदा हातात दिले की ते कोण कसे वाचील, यावर पुस्तक देणाऱ्याची सत्ता चालत नाही.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात विल्यम वर्ड्‌स्वर्थ नावाचे प्राचार्य होते; ते कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे नातू. कवीच्या नातवाने कवीची भाषा शिकवावी आणि समोर विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पिढीने बसावे, हा योग नाट्यमय आहे, पण त्या पिढीने वर्गातून काय उचलले हे पाहिले म्हणजे नाट्याचा भाग मागे पडतो. विष्णुशास्त्र्यांनी डॉक्टर जॉन्सनचा 'रासेलस' मराठीत आणण्याचे आपल्या वडिलांचे, कृष्णशास्त्र्यांचे, काम पुरे केले आणि १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. निबंध हा प्रकार, त्यातील ऐसपैस वाक्यरचना, प्रतिपक्षाला खिंडीत गाठण्याची हातोटी, हे सारे वर्गातल्या इंग्रजी गद्याशी झालेल्या झटापटीतून आले. आणि ते आले ते इंग्रजांवरच टीका करण्यासाठी वापरले गेले. इंग्रजी भाषेला दिलेली वाघिणीच्या दुधाची जी उपमा त्यांच्या नावावर रूढ आहे, ती वारंवार उद्धृत करणारे लोक दूध पिऊन त्यांनी डरकाळी कोणत्या भाषेत फोडली, हे मात्र सांगावयाचे विसरतात.

शेक्सपिअरची वाटही अशीच निघाली. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे 'ऑथेल्लो' १८६७ मध्ये आले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंझारराव' १८९० चा. गणपतराव जोशी यांनी रंगभूमीवर उभा केलेला चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, पाहण्यासाठी जे प्रेक्षक गर्दी करीत त्यांतील बहुतेकांना इंग्रजीचा गंध नव्हता. वर्गात जे दहा-वीस जणांनी वाचले ते थिएटरात हजारोंनी पाहिले, आणि या दोहोंमध्ये पूल म्हणून उभा राहिला तो भाषांतरकार.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागते. इंग्रजी कवितेचा सर्वांत खोल संस्कार मराठी कवितेवर ज्यांनी केला ते केशवसुत महाविद्यालयात गेलेच नव्हते. मॅट्रिक होऊन त्यांनी शाळांतून शिक्षकाची नोकरी केली. तेव्हा विद्यापीठाने सर्व श्रेय स्वतःकडे घेऊ नये.

विसाव्या शतकात मात्र हे श्रेय इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे बऱ्याच अंशी जाते. बा. सी. मर्ढेकरांनी काही वर्षे इंग्रजी शिकवले. विंदा करंदीकर मुंबईच्या महाविद्यालयांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, 'फाउस्ट'चा पहिला भाग आणि 'राजा लिअर' मराठीत आणले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत आणि कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद करीत. वसंत कानेटकर नाशिकला, महेश एलकुंचवार नागपूरला, मं. वि. राजाध्यक्ष आणि विलास सारंग मुंबईत; 'सौंदर्यमीमांसा' लिहिणारे रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात. भालचंद्र नेमाडे नगर, धुळे, औरंगाबाद येथील महाविद्यालयांपासून गोवा विद्यापीठाच्या इंग्रजी विभागापर्यंत. ही यादी आणखी लांबवता येईल. मराठी कविता, नाटक, कादंबरी, कथा आणि सौंदर्यशास्त्र या पाचही दालनांच्या किल्ल्या अर्धशतकभर इंग्रजी विभागाच्या कपाटात असाव्यात, हे कशाचे लक्षण म्हणावे? काही जण म्हणतील, परावलंबनाचे. देशीवादाची मांडणी करणाऱ्या नेमाड्यांनी हा आरोप अनेकदा तीव्रपणे केला आहे, आणि तो करणारा माणूस स्वतः जन्मभर इंग्रजीचा प्राध्यापक होता, एवढेच नव्हे तर इंग्रजीचा मराठीवर झालेला परिणाम हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. परंतु परावलंबन हा शब्द येथे अपुरा पडतो. रोज तासभर एका भाषेतील ओळ दुसऱ्या भाषेच्या मुलांना समजावून देणे, म्हणजे रोज तासभर दोन भाषांच्या फटीत उभे राहणे होय. आणि त्या फटीत उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्या भाषेत काय नाही हे जसे दिसते, तसे काय आहे हेही दिसते.

दुर्दैव असे की हे सारे काम विभागाच्या दप्तरात कोठेच जमा झाले नाही. दिवसा वर्गात इंग्रजी आणि रात्री घरी मराठी, असा हा दुहेरी संसार होता. घरच्या संसाराची वर्गात वाच्यता करण्याची पद्धत नव्हती. करंदीकरांनी 'किंग लिअर' मराठीत आणताना जे शेकडो निर्णय घेतले, ते नाटक शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले साहित्य कोणते? तरीही इंग्रजीच्या अभ्यासक्रमात 'राजा लिअर' मुळाच्या शेजारी ठेवून वाचावयाचा असतो, असे मानण्याचा रिवाज पडला नाही.

महाराष्ट्रातील इंग्रजीच्या कथेला आणखी एक धागा आहे, आणि तो पुण्यामुंबईच्या प्राध्यापकांच्या यादीत सापडत नाही. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी रचना आहे. हा आग्रह साहित्यप्रेमातून आलेला नव्हता. संस्कृतचे दार ज्यांच्यासाठी बंद होते त्यांना इंग्रजीचे दार उघडे दिसले, इतका तो सरळ हिशेब होता. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले गेले नाही म्हणून त्यांनी फारसी घेतली, आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १९१२ साली बी. ए. झाले. त्यांनीच पुढे औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले, आणि याच मराठवाड्यात इंग्रजीच्या वर्गाला एक वेगळे वळण मिळाले. अमेरिकेतील काळ्या लेखकांचे साहित्य येथे वाचले गेले, म. ना. वानखेडे यांच्यासारखे अमेरिकेत शिकून आलेले अध्यापक आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारखे इंग्रजीचे प्राध्यापक त्याविषयी मराठीत बोलू-लिहू लागले. आणि १९७२ साली मुंबईत तरुण लेखकांनी संघटना काढली तेव्हा तिचे दलित पँथर हे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्या इंग्रजीतून जे मिळाले नव्हते ते येथे गुलामांच्या नातवंडांच्या इंग्रजीतून मिळाले. इंग्रजी ही केवळ इंग्रजांची भाषा नाही, हे महाराष्ट्राला सर्वांत आधी आणि सर्वांत खणखणीतपणे कोणी शिकवले असेल तर ते दलित वाचकांनी होय.

श्रोतेहो, आता तिसऱ्या गोष्टीकडे वळावयाचे. इंग्रजीचा विद्यार्थी प्रत्यक्षात वाचतो काय?

खरे सांगावयाचे तर पुष्कळदा तो साहित्य वाचत नाही, साहित्याविषयी वाचतो. अमुक कवी निसर्गप्रेमी, तमुक नाटककार वास्तववादी, अमुक कादंबरीतील प्रतीकयोजना, हे सारे 'अपेक्षित' प्रश्नसंचांत आणि गाईडांत तयार मिळते, आणि कविता न वाचता कवितेवरचे दहा गुणांचे उत्तर लिहिणे ही एक स्वतंत्र कला होऊन बसली आहे. यासाठी एकट्या विद्यार्थ्याला दोष देता येणार नाही; प्रश्नपत्रिकाच जर दरवर्षी तेच विचारीत असेल तर तो दुसरे काय करील? केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे आणि काळ लपवून नुसत्या कविता दिल्या आणि त्यांवर लिहावयास सांगितले. त्या लेखी उत्तरांचा वृत्तांत १९२९ साली ग्रंथरूपाने आला. जगातील उत्तम विद्यार्थी म्हणवणाऱ्यांनी कवितांचे साधे अर्थही चुकवले होते. त्यातून सूक्ष्म वाचनाची पद्धत पुढे आली. सूक्ष्म वाचन म्हणजे कवीचे चरित्र, काळ आणि कीर्ती बाजूला ठेवून ओळीतला प्रत्येक शब्द तेथे का आला आणि त्याच्याऐवजी दुसरा का आला नाही, हे विचारीत जाणे. ही पद्धत महाराष्ट्रात अभ्यासक्रमातून पोहोचली. वर्गात मात्र ती फारशी उतरली नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात आणि परीक्षेच्या तारखांच्या दडपणाखाली ती उतरणे कठीणच होते. परंतु आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक खोलवरचे आहे. मराठी मुलाच्या हातात सूक्ष्म वाचनाचे जे सर्वांत धारदार हत्यार होते, ते वर्गाच्या दाराशीच काढून ठेवावयास त्याला सांगितले गेले. ते हत्यार म्हणजे त्याची मराठी.

हे विधान उदाहरणाने स्पष्ट करावे लागेल. 'हॅम्लेट' नाटकाच्या तिसऱ्या अंकात राणी आपल्या मुलाला महालात बोलावून घेते आणि त्याची कानउघाडणी करू पाहते. पहिल्या वाक्यात ती मुलाला त्या काळच्या इंग्रजीतील एकवचनी, जवळिकीच्या सर्वनामाने संबोधते. हॅम्लेट तिचेच वाक्य तिला परत करतो, पण परत करताना सर्वनाम बदलतो. तो तिला अनेकवचनी, दूरस्थ, औपचारिक सर्वनामाने उत्तर देतो. ते ऐकताच आईही आपले सर्वनाम बदलते. तीनच वाक्ये, आणि त्या तीन वाक्यांत आई आणि मुलगा यांच्यामध्ये एक भिंत उभी राहते. आजच्या इंग्रज विद्यार्थ्याला हे समजावून सांगण्यासाठी तळटीप द्यावी लागते, कारण त्याच्या भाषेतून एकवचनी सर्वनाम नाहीसे झाले आहे. एकच सर्वनाम तो राजालाही वापरतो आणि कुत्र्यालाही. मराठी विद्यार्थ्याला तळटीप कशाला हवी? 'तू' वरून 'तुम्ही' वर जाण्यात काय घडते, हे त्याला शाळेत जाण्यापूर्वीच माहीत असते. रागावलेली आई पोराला 'आता तुम्ही मोठे झालात ना' असे म्हणते तेव्हा तो मान राखल्याचा प्रकार नव्हे, हे तीन वर्षांच्या मराठी मुलालाही कळते.

तथापि गंमत येथे संपत नाही. खरी येथे सुरू होते. मराठी मुलगा आईला 'तू' म्हणतो. वडिलांना 'तुम्ही' किंवा 'अहो' म्हणणाऱ्या घरांतही आई ही बहुधा 'तू'च असते. मग हॅम्लेटचे औपचारिक सर्वनाम मराठीत कसे आणावयाचे? भाषांतरकाराने घर राजघराणे आहे असे मानून दरबारी वळण घेतले आणि 'आईसाहेब, आपण' असे लिहिले, तर ते मराठी ऐतिहासिक नाटकाच्या प्रेक्षकाला इतके स्वाभाविक वाटेल की हॅम्लेटच्या शब्दातला काटा बोथट होऊन जाईल. त्याने घरगुती वळण घेतले आणि मुलाच्या तोंडी एकाएकी 'आई, तुम्ही' असे घातले, तर तो शब्द प्रेक्षकाच्या अंगावर असा येईल की शेक्सपिअरच्या मुळातही तो तितका बोचरा नसावा. पहिल्या पर्यायात अर्थ राहतो आणि घाव जातो. दुसऱ्यात घाव राहतो, पण राजवाडा जातो. कोणता पर्याय योग्य, याचे उत्तर कोणत्याही गाईडात नाही. ते शोधण्यासाठी विद्यार्थ्याला संपूर्ण प्रवेश पुन्हा वाचावा लागेल, राणी अपराधी आहे की अजाण आहे याविषयी मत बनवावे लागेल, हॅम्लेटचा राग आणि हॅम्लेटचे दुःख यांतील वाटणी ठरवावी लागेल. एका सर्वनामाच्या भाषांतरासाठी एवढे करावे लागत असेल, तर सूक्ष्म वाचन म्हणतात ते याहून निराळे काय असते?

याच नाटकातील दुसरे उदाहरण राजाचे. भावाच्या मृत्यूनंतर गादीवर बसलेला क्लॉडियस दरबारासमोर पहिले भाषण करतो तेव्हा तो बहुवचनात बोलतो. इंग्रजीत त्या बहुवचनाचा शब्द एकच. तो राजाचा स्वतःविषयीचा बहुवचनी शब्दही आहे आणि राजा व प्रजा मिळून होणाऱ्या समुदायाचाही. आणि क्लॉडियस त्या दोहोंमधून इतक्या सफाईने घसरत जातो की त्याचा भाऊ, त्याचे लग्न, राज्याचा शोक आणि राज्याची संमती ही सगळी एकाच पोतडीत जातात. मराठीत हे करता येत नाही. मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. 'आमचे बंधू' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपले राज्य' म्हणताना आत येतो. मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते, आणि तो निवड करू लागला की क्लॉडियसची हातचलाखी उघडी पडते. इंग्रजीने जे झाकले ते मराठी व्याकरणाने उघड केले. मराठी ही समजून घेण्याच्या आड येणारी भाषा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे भाषण घेऊन बसावे.

उलट दिशेनेही हे होते, म्हणजे मराठी कान जेथे कमी पडतो तेथेही शिकण्यासारखे पुष्कळ असते. इंग्रजी वृत्त आघातावर चालते; शब्दातील कोणत्या अवयवावर जोर पडतो आणि कोणता अवयव सैल सुटतो, यावर त्याची लय उभी असते. मराठी कान लघू-गुरू जाणतो, म्हणजे अक्षराला लागणारा वेळ मोजतो. जोर मोजत नाही. त्यामुळे मराठी विद्यार्थी इंग्रजी कविता वाचताना प्रत्येक अवयव सारख्या वजनाने उच्चारतो आणि कविता ठोकळ्यांच्या रांगेसारखी ऐकू येते. हा दोष म्हणून त्याला हसण्यापेक्षा, श्लोक आणि ओवी यांतील फरक ज्याच्या कानाला उपजत कळतो त्याला लय मोजण्याचा हा तिसरा प्रकार आहे असे सांगितले, तर तो बाकावर बोटे वाजवून अर्ध्या तासात ते शिकतो. अट एकच की शिक्षकाला ओवी यावी.

शब्दांच्या बाबतीत तर मराठी वातावरणाचा विचार न करता पुढे जाताच येत नाही. शेक्सपिअरच्या एका विख्यात सुनीतात प्रिय व्यक्तीची तुलना इंग्रजी उन्हाळ्याच्या दिवसाशी होऊ घातली आहे. शब्दकोशाने त्या ऋतूला 'उन्हाळा' म्हटले आहे, आणि शब्दकोश बरोबर आहे. परंतु चंद्रपूरच्या किंवा जळगावच्या मे महिन्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला प्रिय व्यक्तीला उन्हाळ्याची उपमा म्हणजे भांडणाची सुरुवात वाटते. (श्रोत्यांपैकी विदर्भातून आलेल्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.) इंग्लंडचा तो ऋतू म्हणजे हवा सौम्य, दिवस लांब, झाडे हिरवी आणि मनुष्य घराबाहेर; आपल्याकडे त्याचे जवळचे नातेवाईक शोधावयाचे तर ते श्रावणातल्या उघडिपीत किंवा मार्गशीर्षातल्या दुपारी सापडतील. हे शोधणे हा अभ्यासाचा अवांतर भाग नव्हे. शब्दाचा कोशातला अर्थ आणि शब्दाच्या अंगावरची हवा यांतील अंतर मोजणे हेच साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम आहे, आणि परभाषिक विद्यार्थ्याला ते करावेच लागते. स्वभाषिकाला ते टाळता येते.

'इंग्रजी भाषा आणि साहित्य' या विषयाच्या नावातील 'भाषा' या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. युरोपात हा शब्द आधी भाषेच्या इतिहासाकडे वळला. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याला जुनी इंग्रजी शिकणे भाग होते, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचे रूप, जे आजच्या इंग्रजाला ज्ञानेश्वरी आपल्याला वाटते त्याहूनही कितीतरी अपरिचित वाटते. स्वातंत्र्यानंतर हैदराबादला १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली आणि भर भाषा शिकवण्याच्या तंत्रावर आला. अलीकडे हाच शब्द 'कम्युनिकेशन स्किल्स' या नावाने मुलाखतीच्या तयारीपुरता उरला आहे. नोकरीची गरज खरी आहे आणि तिला नाक मुरडण्याचा अधिकार पगारदार प्राध्यापकाला नाही. परंतु बोलण्याचा सराव म्हणजे भाषेचा अभ्यास नव्हे. इंग्रजीत नामाआधी येणारी दोन छोटी उपपदे मराठी मुलगा का विसरतो, किंवा इंग्रजीतील दोन वेगळे उच्चार तो एकाच 'व'ने का उच्चारतो, याचे उत्तर मराठीच्या रचनेत आहे. ते त्याला सांगितले तर चूक सुधारते आणि दोन्ही भाषांची घडणही कळते. ते न सांगता नुसती लाल शाई मारली तर त्याला एवढेच कळते की तो कमी आहे.

मग इंग्रजी विभागांनी काय करावे? नैरोबी विद्यापीठात १९६८ साली न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच रद्द करावा असे टिपण मांडले. त्यांचे म्हणणे असे की आफ्रिकेतील विद्यापीठाने आफ्रिकेचे साहित्य मध्यभागी ठेवावे आणि इतर साहित्ये त्याच्याभोवती मांडावीत. त्यांच्या आधी, १९५६ साली, बुद्धदेव बसू यांनी कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला होता. ते स्वतः इंग्रजीचे एम. ए. होते. महाराष्ट्राला या दोहोंपैकी कोणतीही वाट जशीच्या तशी घ्यावी लागेल असे नाही. येथे विभाग बंद करण्याची गरज नाही, पाटी बदलण्याचीही नाही; एवढेच करावे की एम. ए.च्या 'हॅम्लेट'च्या तासाला टेबलावर मुळाशेजारी 'विकारविलसित' ठेवावे, आणि परीक्षेत एक प्रश्न असा असावा की विद्यार्थ्याने तिसऱ्या अंकातील आई-मुलाच्या त्या तीन वाक्यांचे मराठी भाषांतर करावे आणि हॅम्लेटने आईला 'तू' म्हणावे, 'तुम्ही' म्हणावे की 'आपण', हे कारणांसह लिहावे. गुण दहाच ठेवावेत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मात्र त्या संध्याकाळी लवकर घरी जाता येणार नाही, कारण दोन उत्तरे सारखी निघणार नाहीत.